मेन खाली करण्याआधी

किमयानं पहिल्यांदा ‘बाबा’ म्हटलं तेव्हा कॅमेरा चालू होता, आणि नेमके तेव्हाच लाइट गेले.

पुण्याजवळच्या माणमधल्या या वरच्या खोलीत ज्ञानदा रोज दुपारी लेकीला मांडीवर घेऊन कॉम्प्युटरसमोर बसायची, ती याच एका शब्दासाठी. नवरा, ऋषिकेश, कंपनीच्या कामासाठी जर्मनीला गेला तेव्हा किमया धड बसतही नव्हती. फोनवर त्याला ऐकू यायचं ते फक्त तिचं रडणं. पहिली हाक तरी त्याला तिच्याच तोंडून ऐकू जावी, आपण सांगण्यात काय मजा, असं ज्ञानदाच्या मनात होतं.

लाइट आले. कॉम्प्युटरवर निळा पडदा, पांढरे आकडे, आणि मग तो पुन्हा तिथंच: ‘फाउंड’ नावाचा फिकट फोल्डर. रेकॉर्डिंगचा मात्र पत्ता नाही. हा फोल्डर तिनं केलेला नव्हता. कोळिष्टक काढावं तसा ती तो काढून टाकायची, आणि दोन-चार दिवसांत तो परत हजर. आजही तिनं रागारागानं तो उडवला.

“व्हायरस असणार,” ऋषिकेश फोनवर म्हणाला. “रविवारी ऑफिसातल्या कुणाला तरी पाठवतो. फॉरमॅट मारून देईल.”

“अहो, हिचे सगळे फोटो आहेत त्यात.”

“मग काढून ठेव ना कुठंतरी.”

“कुठं?”

“बघ ना जरा, ज्ञानदा. मीटिंग आहे माझी.”

फोन ठेवल्यावर तिनं बापाचा फोटो किमयापुढे धरला. “हे कोण?”

“काऊ,” किमया म्हणाली. त्या दिवसापासून सगळंच काऊ झालं. दूध काऊ, चप्पल काऊ, बाप पण काऊ.

लग्नाआधी परभणीला ज्ञानदानं एमएस-सीआयटी केली होती. तिथले सर सांगायचे, बिघाड झाला की त्याच्या जरा आधी काय झालं ते आठवा. तिनं आठवून पाहिलं. अँटिव्हायरसला काही सापडत नव्हतं. इंटरनेटची वायर काढून ठेवली तरी फोल्डर यायचाच. पण प्रत्येक वेळी त्याच्या आधी लाइट मात्र गेलेले असायचे.

पुढच्या वेळी लाइट गेले तशी ती गॅलरीत आली. समोरच्या किराणा दुकानात पंखा गरगर फिरत होता! किमयाला कडेवर घेऊन ती खाली गेली. घरमालकांच्या दाराला कुलूप, आणि जिन्याखालच्या बोर्डावर मेन स्विचचा खटका खाली.

तेवढ्यात घरमालकीण अनसूयाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन फाटकातून आल्या.

“मावशी, मेन तुम्ही बंद करता?”

“व्हय. घर सोडायचं तर खाली करूनच जाती मी. मागं मळ्यात मोटारीचा करंट उतरून म्हैस गेली आमची. तवापासनं धसकाच हाय.”

“पण मी वर असते ना!”

“तुमी?” भारा डोक्यावरच राहिला. “आगं बया! मला वाटलं, पोरीला पाळनाघरात ठिवून कंपनीत जाताय. ना टीव्ही, ना बोलनं. वर मानूस हाय असं वाटतच न्हाई बघा.”

“आम्ही हळू बोलतो,” ज्ञानदा हसून म्हणाली, खटका वर केला आणि पटकन जिन्याकडे वळली. मोठ्यानं बोलायचं तरी कुणाशी?

वर आल्यावर तिनं कॉम्प्युटर चालू केला. मग एकदम तिच्या डोक्यात आलं: लाइट गेल्यानंच फोल्डर येत असेल, तर त्यात अर्धवट राहिलेलंच काहीतरी असणार. त्या दिवशी उडवलेला फोल्डर रिसायकल बिनमध्ये अजून होता; तिनं तो परत आणला. आत अनोळखी नावाची एक भलीमोठी फाइल. तिनं नाव बदललं आणि प्लेअर लावला.

आधी पंख्याची घरघर, मग कुणीतरी कुजबुजल्यासारखं बोलत होतं. ‘म्हण ना राणी, बा-बा.’ आपला आवाज असा येतो? आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा? आणि मग स्वच्छ, खणखणीत, “बाबा!” तिथंच फाइल संपली.

तिनं ती पाठवली. ‘फॉरमॅट नको, बिघाड सापडला,’ असंही लिहिलं. सकाळी उत्तर आलं: ‘छान! पण तुझा आवाज फारच बारीक येतोय. मोठ्यानं बोलून परत पाठव.’

त्यातला ‘छान’ तिनं पुन्हा पुन्हा वाचला.

दुपारी कॅमेरा लावून ती बसली. “किमू, म्हण, बाबा.”

“काऊ.”

खालून हाक आली, “ओ किमयाचे आई! हाय का वर? मेन खाली करू का?”

“आहे! आहे मी!” ज्ञानदा एवढ्या जोरानं ओरडली की तिची तीच दचकली. किमया तोंड उघडं टाकून आईकडे बघत राहिली, मग तिनंही मान वर करून आरोळी ठोकली, “आये!”

“बरं बरं, ऱ्हाऊ दे मग,” खालून आवाज आला.

कॅमेरा चालूच होता. ज्ञानदानं तो तसाच राहू दिला.