गिटार निघाली मैंदर्गीला

आमच्या घराची मागची भिंत आणि सुंदरम्माच्या कारखान्याची भिंत एकच. पलीकडे तिचे चार यंत्रमाग. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, आपल्याच डोक्यात कुणीतरी खिळे ठोकतंय. पुढे सवय झाली. सवय कसली, वीजकपातीत माग थांबले की उलट दचकायला व्हायचं. सगळी गल्ली दारात येऊन एकमेकांना विचारायची, काय झालं?

त्यातला तिसरा माग लंगडा होता. बाकीचे एका दमात चालायचे. हा खटक, खटक, खटक करायचा आणि मग धाप लागल्यासारखा थांबून एक ढब.

"मेकॅनिक येतो, बघतो, चहा पितो, जातो," सुंदरम्मा म्हणायची. "जावयासारखं झालंय अक्का त्याचं."

आमचा बसू या आवाजात जन्मला आणि या आवाजातच झोपायला शिकला. मला त्याची काळजी नव्हती असं नाही. मला त्याची सगळीच काळजी होती. तो झोपला की श्वास चालू आहे ना बघायचं, जागा असला की काही गिळलं नाही ना बघायचं. पण झोपेचं तेवढं मागांनी अंगावर घेतलं होतं.

संक्रांतीला आम्ही मैंदर्गीला, ह्यांच्या गावी गेलो आणि सगळं उघडं पडलं. मैंदर्गीत दुपारी जेवणं झाली की लिंबाचं पान पडलेलं ऐकू येतं. त्या शांततेत बसूने जो सूर लावला तो आम्ही परतीच्या एस्टीत बसेपर्यंत. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणतो. अव्वांनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, पोटाला हिंग लावला आणि शेवटी निकाल दिला.

"शेरात बिघडवलंय तुमी पोराला. शांत जागी रडतंय म्हंजे काय की. पाडव्याला याल तवा ह्येला हितंच ठेवून जावा. दोन-तीन म्हैन्यात लागंल सवय."

हे म्हणाले, "बघू की."

आमच्या ह्यांचं 'बघू की' ज्यांना माहीत नाही त्यांना यात घाबरण्यासारखं काही वाटणार नाही. पण आईला हे कधी नाही म्हणत नाहीत, आणि ज्या गोष्टीला 'बघू की' म्हणाले ती आजवर झाल्याशिवाय राहिलेली नाही. आमचं लग्नसुद्धा तसंच झालं.

म्हणजे पाडव्याच्या आत बसूला मागांशिवाय झोपता आलं पाहिजे. मी मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेली. एका मासिकात वाचलं होतं, तान्ह्या मुलांना संगीताने झोप लागते. गाण्याचा प्रश्न नव्हता, कारण मी गायले की बसू माझ्या तोंडावर हात ठेवतो. उरली खुंटीवरची गिटार.

गिटार ह्यांची. कॉलेजात असताना घेतलेली. तिच्यासोबत मान तिरकी करून काढलेला ह्यांचा एक फोटो आहे. वाजवल्याचा पुरावा मात्र कुणाकडे नाही.

"शिक की," हे म्हणाले. "सोपी असते."

शिकवायला गैबीसाब यायचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्याआधी हैदराबादला कुठल्याशा ऑर्केस्ट्रात गिटारवर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समजावलं, "पैले उंगलियां दुखते भाभी. फिर घरवालों के कान दुखते. उसके बाद बजता."

अंगाईसाठी त्यांनी स्वतःच चार सुरांची सोपी चाल बांधून दिली. सोपी त्यांना. डाव्या हाताचं बोट तारेवर नीट दाबलं तर सूर निघतो, नाही दाबलं तर नुसतं खट् असं वाजतं. माझं खट् वाजायचं. शिवाय आठवड्याभरात बोटांची टोकं सुजून चुणचुणायला लागली, मग कडक झाली, आणि एक दिवस मी बसूच्या कपाळाला हात लावला तर ताप आहे की नाही तेच कळेना. तेव्हापासून मी गालाने ताप बघू लागले. दिवसातून बऱ्याचदा. बसूला वाटायचं आई पापे घेतेय.

सराव करायचा तो बसू झोपल्यावर, म्हणजे माग चालू असताना. गैबीसाब ताल धरून फरशीवर बोटं आपटायचे, पण भिंतीपलीकडून चार माग अंगावर येत असताना ती कुणाला ऐकू येणार? तरी त्यांचा कान पक्का.

"भाभी, बाकी सब ठीक. मगर तुम हर बार एकीच जगा ठेच क्यूं खाते?"

"कुठे?"

"ये देखो. एक, दो, तीन... और यहां गिरते. फिर उठते. नक्को ऐसा. सीधा चलो."

मी सरळ चालायचा प्रयत्न करायचे आणि त्याच ठिकाणी पडायचे. पाडवा जवळ आला तरी पडतच होते.

आम्ही निघालो. एस्टीत हे पिशव्या घेऊन पुढे, मी एका मांडीवर बसू आणि दुसऱ्या मांडीवर गिटार धरून खिडकीशी. कंडक्टरने गिटारच्या गवसणीकडे बघितलं.

"बाई, थोरल्याचं तिकीट?"

"मांडीवर आहे," मी म्हटलं. अक्कलकोटपर्यंत लोक वळून वळून थोरल्याला बघत होते.

मैंदर्गीला पोचल्यावर अव्वांनी बसूला उचललं आणि मला आत नेऊन एक फडताळ दाखवलं. नीट पुसून, वर नवा कागद अंथरून रिकामं केलेलं.

"ह्येची कापडं हितं ठेव," त्या म्हणाल्या. मी कपडे पिशवीतच ठेवले.

जेवणं झाली. पुरणपोळीच्या सुस्तीत हे ओसरीवरच्या बाजेवर आडवे झाले. गल्ली गप्प. बसूने डोळे चोळले, इकडेतिकडे ऐकलं, ऐकण्यासारखं काहीच नाही हे त्याला कळलं आणि त्याने सूर लावला. अव्वांनी त्याला खांद्यावर घेतलं, मांडीवर घेतलं, झोळीत घातलं. तो निळा व्हायला लागला.

"रडू दे," अव्वा म्हणाल्या. "चार दिस रडंल, मग गप व्हईल."

मी गिटार काढली.

अव्वांनी आधी गिटारकडे आणि मग बाजेवरच्या आपल्या मुलाकडे बघितलं. मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, किंवा तसं दाखवत होता.

मी अंगाई सुरू केली. पहिला सूर बरा लागला. दुसऱ्याला बसू अधिकच भडकला. तिसऱ्याला माझ्या हाताला घाम सुटला, बोटं घसरली आणि चाल साफ विसरले. आता थांबले तर फडताळ समोर होतं. म्हणून थांबले नाही. आठवत काहीच नव्हतं, बोटं आपली जी सवय होती ती करत राहिली. अर्धवट दाबलेली तार, खट्, खट्, खट्. मग ठेच. मग जाड तारेवर अंगठा, ढब.

बसू थांबला.

खट्, खट्, खट्. ढब. तो हुंदका गिळून छताकडे बघायला लागला. मी विचार केला, आता जमलंय तर गैबीसाबांनी सांगितल्यासारखं सरळ वाजवू. ठेच काढून टाकली. लगेच त्याचा खालचा ओठ बाहेर आला. मी घाईघाईने ठेच परत घातली. ओठ आत गेला. पापण्या मिटायला लागल्या.

बाजेवरून झोपेत हे पुटपुटले, "सुंदरम्माचा तिसरा माग अजून दुरुस्त झाला नाही वाटतं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अडीच महिने मी गैबीसाबांकडे नाही, भिंतीकडे शिकत होते.

बसू झोपला. मी हात थांबवला, त्याने एक डोळा उघडला. मी हात चालू केला. दुपार अशी गेली. अव्वा समोर बसून आधी कौतुकाने बघत होत्या, मग नुसत्या बघत होत्या, मग त्यांनी पदर कानावरून घेतला.

"ह्ये किती येळ वाजवायचं असतंय?"

"तो उठेपर्यंत."

"रोज?"

"रोज. दुपारी आणि रात्री."

"मंग ह्येला हितं ठेवायचं म्हंजे तुला बी ठेवावं लागंल की. आन ह्या पेटीला बी."

"व्हय अव्वा," मी म्हटलं, आणि ढब जरा जोरात वाजवला.

अव्वा उठल्या, फडताळातला कागद काढला आणि त्यात उरलेल्या पुरणपोळ्या बांधल्या. "घेऊन जा बाई तुज्या पोराला. मी येईन की तितं बघायला."

बाजेवरून स्पष्ट, जाग्या आवाजात उत्तर आलं, "बघू की."

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पोचलो तर सुंदरम्मा दारातच उभी होती.

"अक्का, शेवटी तो जावई कामाला आला. तिसरा माग ऐका आता. काय सरळ चालतोय."

मी ऐकलं. खरंच सरळ चालत होता. कडेवरच्या बसूनेही ऐकलं. त्याचा खालचा ओठ हळूहळू बाहेर येऊ लागला.

"अहो," मी ह्यांना म्हटलं, "ती गवसणी काढा."