चौथी गिटार आणि गिरणीची भिंत

नांदेडला तरोड्यातल्या त्या भाड्याच्या घरात आल्या-गेल्याची नजर आधी भिंतीकडं जायची. जिथं लोक लग्नाचा मोठा फोटो लावतात, तिथं ऋतुजानं तीन बेस गिटार टांगल्या होत्या. एक काळी, एक पाच तारांची आणि एक पिवळट, जिच्या दांडीवर सुरांचे पडदेच नव्हते. "एकसारख्याच तर दिसतात. तीन-तीन कशाला लागतात गं?" असं शेजारणीनं विचारलं की ऋतुजा म्हणायची, "मावशी, तुमच्या कपाटात साड्या किती?" मग मावशी हसून चहाकडं वळायच्या.

पण एकसारख्या त्या अजिबात नव्हत्या. काळी घसा बसलेल्या मामासारखी बोलायची. पाचतारीचा आवाज गोदावरीच्या पुलाखाली उभं असताना वरून जड गाडी गेल्यासारखा. आणि पिवळी झोपेत बोलणाऱ्या माणसासारखी, शब्द कळायचे नाहीत पण ऐकत राहावं वाटायचं. कॉलेजात युवक महोत्सवासाठी म्हणून हातात घेतलेलं वाद्य पुढं संसारात आलं, ते असं तिघींचं होऊन.

चौथी मात्र तिला सापडत नव्हती. तिला हवा होता बिलोलीच्या माहेरच्या भिंतीचा आवाज. घराला लागून पिठाची गिरणी होती. दुपारी गिरणी सुरू झाली की लहानगी ऋतुजा त्या बाजूच्या भिंतीला पाठ लावून झोपायची. पट्टा फिरायचा, जातं घरघरायचं, आणि तो सगळा गलका भिंतीतून इकडं येईपर्यंत नुसती एक ऊब होऊन जायचा. कानाला थोडा, पाठीला जास्त. आपण झोपलो की गिरणी आपल्याला घेऊन कुठंतरी निघते, असं तिला तेव्हा खरंच वाटायचं. गिरणी कधीच बंद पडली, भिंतही पाडली, पण कुठलीही गिटार हातात घेतली की ती आधी तेच शोधायची.

आता मात्र तिन्ही गिटारींवर धूळ बसली होती.

लेकीच्या, जुईच्या बारशाला सासूबाईंनी, केवळाबाईंनी, बायकांच्या घोळक्यात गमतीत म्हटलं होतं, "पोटुशी व्हती तरी हिचं ते दणदण सुरूच. पोटावर टेकवून वाजवायची, माय! लेकराच्या कानाचं काय केलं कुणाला ठाऊक." सगळ्या हसल्या. ऋतुजाही हसली. मग जुई बसायला लागली, रांगायला लागली, आणि हाक मारली तर वळून बघेना. त्या दिवशी बारशातलं ते हसू ऋतुजाच्या छातीत जे येऊन बसलं, ते उठलंच नाही. गिटारीला हात लावणं तिनं सोडून दिलं.

आणि सुरू केलं ते पारखणं. पोळ्या लाटता लाटता "जुई!" कपडे वाळत घालता घालता "जुई!" पाठीमागून टाळी, ताटावर चमचा, किल्ल्यांचा जुडगा. जुई कधी वळायची, बहुतेक वेळा नाहीच. पंख्याकडं बघत पायाचा अंगठा तोंडात घालून बसायची. फोनवर वाचून वाचून ऋतुजाला कानाच्या आतली हाडं नावानिशी पाठ झाली होती. नवरा वैजनाथ म्हणायचा, "ऋतू, ती ऐकते गं. आईसक्रीमवाल्याची गाडी आली की कशी डुलते." पण ऋतुजाचं मन म्हणायचं, गाडी दिसते म्हणून डुलत असेल.

शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी लातूरला कानाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचलं ते यंत्र सांगतं.

थंडीचे दिवस होते. पहाटेच जुईला उठवून निघाले, म्हणजे तिथं पोचेपर्यंत ती पेंगेल. लोहा मागं पडलं, अहमदपूर आलं, दोन्ही बाजूंनी तुरीची रानं धुक्यात बुडालेली. रस्ता कुणीतरी पाण्यात धरून ठेवल्यासारखा हलत होता. जुईला झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून ऋतुजा सारखी तिच्या तळव्याला गुदगुल्या करत होती. तिचे स्वतःचेच डोळे मिटत होते.

तपासणी करणाऱ्या मनतशा मॅडम वयानं ऋतुजाएवढ्याच असतील. त्यांनी खोलीत अंधार केला, पाळणा दिला, खूप वेळ दिला. जुई टक्क जागी. तार दिसली की ओढायची, मॅडमचा चष्मा ओढायची.

"झोपल्याशिवाय नाही होणार ताई," मनतशा म्हणाल्या. "दुपारी या. औषध देऊन झोपवता येतं, पण आपसूक झोपली तर बरं."

बाहेर येऊन ऋतुजा गाडीला टेकून उभी राहिली. रडू आवरून ती म्हणाली, "मलाच शिक्षा आहे ही, वैजू."

वैजनाथनं खिशातून किल्ली काढली. ती बोटावर फिरवत म्हणाला, "गंजगोलाईच्या बाजाराजवळ वकारभाईंचं दुकान हाय. जुने ऑर्केस्ट्रावाले. त्यांच्याकडं बेस आल्यात, मी सांगून ठेवलं होतं. चल, नुसतं बघू."

"आज? आज गिटार बघायची?"

"दुपारपर्यंत काय करायचं मग? इथं उभं राहून तू दर मिनिटाला लेकराला हाक मारणार. त्यापेक्षा ते बरं."

वकारभाईंचं दुकान एका बोळात, अरुंद आणि आत खोल होतं. छताला ढोलक्या लटकलेल्या, कोपऱ्यात उघडी पडलेली हार्मोनियम, बसायला जाड गादी. वकारभाई मफलर गुंडाळून बसले होते.

"या बेटी, या. वैजनाथरावांनी लई तारीफ केली तुमची. बसा गादीवर. लेकरू सोडा मोकळं, इथं तोडण्यासारखं कायबी न्हाई, सगळं आधीच तुटेल हाय."

त्यांनी आधी एक समुद्री हिरवी, चकचकीत गिटार काढली. मागं कधीतरी फोटोत अशीच एक बघून ऋतुजा भुलली होती. वकारभाई वायर जोडायला लागले तसा तिनं हात केला, "नको चाचा. अशीच द्या."

ही तिची जुनी रीत. होस्टेलच्या रेक्टरबाईंना आवाज खपायचा नाही, म्हणून ती बिनविजेची वाजवायला शिकली. गिटारीच्या वरच्या शिंगावर, म्हणजे अंगाच्या पुढं आलेल्या टोकावर, हनुवटी टेकवायची, डोळे मिटायचे आणि सगळ्यात जाड तार मोकळी सोडायची. आवाज लाकडातून जबड्यात येतो आणि तिथून डोक्यात. दुकानातल्या स्पीकरवर कुठलीही गिटार गोड लागते. हनुवटीला मात्र फसवता येत नाही.

किती दिवसांनी तिची हनुवटी लाकडाला लागली. हिरवी छान बोलली. स्वच्छ, तरतरीत, नव्या सुनेसारखी. ऋतुजानं नकारार्थी मान हलवली.

"आणि ती?" तिनं कोपऱ्याकडं बघितलं.

"ती राहू दे. जुनी हाय, लई वजनदार. ऑर्केस्ट्रातल्या पंढरीनं वर्षानुवर्षं खांद्यावर वागवली. त्याचा खांदा उतरला पण हिचा माज न्हाई."

तपकिरी रंग जागोजागी उडालेला, डोक्याशी विडीनं पडलेला काळा डाग. उचलून मांडीवर घ्यायलाही ऋतुजाला वैजनाथची मदत लागली. तिनं हनुवटी टेकवली, तार सोडली.

आणि दुकान हळूहळू दूर जायला लागलं.

दुपार होती. पिठाचे कण उन्हात तरंगत होते. पलीकडं पट्टा फिरत होता. पाठीला भिंत लागली होती, भिंत गरम होती, आणि कुणीतरी तिला उचलून न हलवता लांब घेऊन निघालं होतं. तार थांबली तरी लाकूड बोलतच होतं. थांबायला आल्यासारखं वाटे, तोच जबड्याखाली आणखी थोडं शिल्लक निघे.

डोळे उघडले तेव्हा तिच्या गालावर पाणी होतं. वैजनाथ हलक्या आवाजात म्हणाला, "भिंत?"

तिनं मान डोलावली. मग अंग मोकळं करायला म्हणून गिटार गादीवर आडवी ठेवली, तशी जुई रांगत आली. आधी तिनं शिंग चावून बघितलं, कारण तिला तेव्हा जगात जे मिळेल ते चावायचं होतं. ऋतुजाच्या बोटानं पुन्हा तार सोडली. जुई चावता चावता थांबली. तोंड लाकडावर तसंच. लाळेचा एक धागा खाली आला. मग तिनं गाल टेकवला. ऋतुजा तार सोडत राहिली, एकच तार, संथ. जुईच्या पापण्या जड झाल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या, आणि मग ती पालथी तिथंच झोपून गेली, बूड वर करून.

"झोपली!" वैजनाथनं तोंडावर हात ठेवला. "ऋतू, ऐकते की गं ती!"

"अंगाला लागतंय ते तिच्या," ऋतुजा म्हणाली.  "कानाचं यावरून काही कळत नाही. बहिऱ्या माणसालाही लाकूड लागतं."

जुईला उचलून गाडीत नेलं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिनं टक्क डोळे उघडले. वैजनाथनं कपाळाला हात लावला. मग दोघांनी एकमेकांकडं बघितलं. वैजनाथ मागं वळला, गाडी घेऊन परत दुकानाकडं गेला आणि थोड्या वेळात वकारभाईंची तपकिरी गिटार लहान मुलासारखी कवेत धरून धापा टाकत आला. दारावरचा माणूस म्हणाला, "अहो, इथं कार्यक्रम न्हाई."

मनतशा मॅडमनी एकदा गिटारीकडं आणि एकदा ऋतुजाकडं बघितलं. "वीज लागते का हिला? नाही ना? मग आणा आत."

अंधाऱ्या खोलीतल्या कॉटवर गिटार आडवी झाली, वर जुईचा गाल. ऋतुजा गुडघे टेकून बसली आणि भिंतीपलीकडची गिरणी पुन्हा सुरू केली. जुई झोपल्यावर मॅडमनी तिला अलगद उशीवर घेतलं, तारा चिकटवल्या, ऋतुजाला खूण केली. तिनं तळवा गिटारीच्या तारांवर ठेवला. सगळं शांत झालं. पडद्यावर रेषा थरथरत राहिल्या. त्यातलं ऋतुजाला काही कळत नव्हतं. ती मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिली. श्वास घ्यायचा राहून जात होता, आठवला की घ्यायची.

"दोन्ही कान छान आहेत," मनतशा शेवटी म्हणाल्या. "अगदी हळू आवाजसुद्धा पोचतोय."

ऋतुजाला आनंद व्हायच्या आधी शंका आली. "मी पोटुशी असताना ही वाद्यं पोटावर टेकवून..."

"त्यानं काही बिघडलेलं नाही. समोर दिसतंय की."

"मग हाक मारली तर वळत का नाही?"

"घरी हाक मारून बघता का? कधी कधी?"

"मॅडम," वैजनाथ म्हणाला, "कधी न्हाई ते विचारा."

मनतशा हसल्या. "ताई, लेकरू कंटाळलंय. तुम्ही हाक मारता, ती वळते, आणि पुढं काय होतं? आई घाबऱ्या डोळ्यांनी बघत उभी. ना उचलून घेणं, ना खाऊ. चार दिवस वळली असेल, मग म्हणाली असेल, हे रोजचंच आहे. काम असेल तेव्हाच हाक मारा. मारली की काहीतरी घडू द्या."

वैजनाथ इतका हसला की जुई दचकून जागी झाली, आणि कुणीही न सांगता तिनं मान त्याच्याकडं वळवली.

जिन्यातूनच त्यानं आईला फोन लावला. पलीकडून केवळाबाईंचा आवाज ऋतुजापर्यंत आला, "म्या तर पहिल्यापासून म्हणते, लेकरू लई हुशार हाय! सुनेला म्हणावं, आता वाजव म्हणा कायतरी, घर सुनं सुनं वाटून राहिलंय."

तपकिरी गिटारच घेतली. हिरवीचं नावसुद्धा निघालं नाही.

परतताना ऋतुजा मागच्या सीटवर बसली. एका बाजूला गिटार आडवी, मांडीवर जुई, खिडकीकडं तोंड करून. ऊन उतरणीला लागलं होतं. तुरीच्या रानांवर पिठासारखा उजेड पसरला होता, आणि चाकूर, अहमदपूर ही गावं झोपेत ऐकलेल्या नावांसारखी येऊन जात होती. हाक ऋतुजाच्या ओठांपर्यंत यायची. सवयच ती. ती ओठ मिटून घ्यायची. पुन्हा यायची, पुन्हा मिटून घ्यायची. जुईच्या मानेवरचं कोवळं जावळ बघत ती गप्प बसून राहिली. इतकी गप्प ती लेक झाल्यापासून कधी बसली नव्हती.

लोह्याच्या अलीकडं जुई चुळबुळली. खिडकी सोडून तिनं मान वर केली, उलटी होऊन आईच्या तोंडाकडं बघितलं. काहीतरी रोजचं आज चुकतंय, अशा नजरेनं.

"आं?" जुई म्हणाली.

ऋतुजानं हात लांब केला आणि जाड तार सोडली.