घरच्या विहिरीचे पाणी

अमरावतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे हरिहरपंत कित्येक वर्षे एकाच प्रश्नाच्या मागे लागले होते : आवळलेली श्वासनलिका सैल कशी करावी? प्रश्न पुस्तकी नव्हता. अकोल्याच्या घरी त्यांची तरुण मुलगी कुंदा दम्याने उशीला टेकून दिवस काढत असे. डॉक्टरांच्या गोळीने दम ओसरे, पण काळीज इतके धडधडे की गोळीपेक्षा दमा बरा, असे तीच म्हणे.

हरिहरपंतांचा सिद्धांत असा की, स्नायूच्या पेशीला सूक्ष्म दारे असतात. त्यांतून चुन्याचा क्षार, म्हणजे कॅल्शियम, आत शिरला की स्नायू आवळतो. एखादा लहानसा रेणू त्या दारात नेमका बसवता आला, तर श्वासाची वाट मोकळी राहील. ही दारे कोणी पाहिली आहेत का, असे सहकारी खोचकपणे विचारत. न पाहिलेला अणू आपण रोज शिकवतोच की, असे ते उलट सुनावत.

तो रेणू वैद्य दम्यावर देतात त्या भारंगीच्या मुळीत आहे, अशी त्यांची खात्री पटली होती. काढा आटवून मिळालेले पिवळसर स्फटिक कोमट क्षारजलात टांगलेल्या बोकडाच्या श्वासनलिकेच्या कडीवर सोडले की कडी उलगडे, आणि तिला जोडलेल्या काट्याची काजळी लावलेल्या कागदावरची रेघ अलगद खाली उतरे. कुंदालाही त्या स्फटिकांची पुडी मानवली. फाल्गुनात ती गच्चीवर जाऊन पापड वाळत घालू लागली.

निबंध लिहिण्यापूर्वी स्फटिक अधिक शुद्ध करावेत, असे त्यांनी ठरवले, आणि तिथेच घात झाला. महाविद्यालयातल्या ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या काढ्याचे स्फटिक शुभ्र निघाले. कडी मात्र हलेना. जितके शुद्ध, तितके निकामी. भर वैशाखात ते सारे सामान घेऊन अकोल्याला आले आणि मित्र डॉक्टर उत्तमराव यांच्या दवाखान्यामागच्या कोंदट खोलीत एकेक शक्यता छाटत बसले. अखेर एकच उरली. घरचे औषध घरच्याच विहिरीच्या पाण्यात उकळायचे, ही त्यांच्या घराण्याची रीत. आणि ती विहीर खारपाणपट्ट्यातली, क्षारांनी जड झालेल्या पाण्याची. पहिले सगळे काढे त्यांनी सवयीने त्याच पाण्यात केले होते. आता त्यांनी नुसते पाणी आटवले आणि तळाशी उरलेला पांढरा थर विरघळवून कडीवर सोडला. कडी उलगडली. थर तपासला, तर त्यात मॅग्नेशियम निघाले; चुन्याची वाट त्यानेच अडवली होती. भारंगीचा त्यात काहीच वाटा नव्हता.

उत्तमराव रेघेकडे पाहत म्हणाले,

"पंत, तुमी औषध नाही, आपली विहीर शोधून काढली. पोटातून छातीपर्यंत हे मीठ किती पोचन? पोरीचं पोट तेवढं साफ होत असन." मग त्यांचा आवाज उतरला. "पण तिले बरं वाटून राहिलं ना? मंग सांगता काहून?"

रोग्याशी खोटे बोलणे म्हणजे प्रयोगाशीच खोटे बोलणे, असा हरिहरपंतांनी वाद घातला. रोगी म्हणजे टांगलेली कडी नव्हे, असे उत्तमराव म्हणाले. यातले कोणतेच विधान हरिहरपंतांना खोडता येईना. खोलीचे दार उघडे होते, तरी कोंडल्यासारखे होऊन ते बाहेर पडले.

कुंदा माजघरात गव्हातले खडे निवडत होती. पुडीची वेळ झाल्याचे तिने सांगितले. ते तिच्यासमोर पाटावर बसले आणि काहीही न वगळता सगळे बोलून गेले. सूप बाजूला ठेवून तिने विचारले, "मग इतके दिवस मला बरं कशानं वाटलं, अण्णा?"

"ठाऊक नाही."

"तुम्हाला हे कळलं नव्हतं, तोवर मला श्वास येत होता."

बोलता बोलताच तिचे खांदे वर उचलले जाऊ लागले. गळ्याच्या खाचा खोल गेल्या. हरिहरपंतांनी खिडकी उघडली, तर ऊनच आत आले. कुंदाने हात पुढे केला. "द्या तरी."

फडताळात पिवळसर स्फटिकांची पुडी होती. आयुष्यभर ज्याचे त्याचे म्हणणे खोडून काढणाऱ्या त्या माणसाने मुकाट्याने ती काढून दिली. तिने पूड जिभेवर टाकली, वर पाणी प्याली आणि भिंतीला टेकली. दोघेही वाट पाहत बसले. तिच्या छातीतली शीळ वाढतच गेली. आणि ती शीळ दम्याची की आपल्या बोलण्याची, हे ठरवणारा एकही प्रयोग हरिहरपंतांना सुचेना.