मामाची जागा

मधुवंतीला हे लग्न मोडायचं होतं. मुलगा निनाद कंबोडियन मुलीशी लग्न करतोय हे कळल्यापासून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पुण्याहून मेलबर्नला परतताना ती मुद्दाम वाट वाकडी करून नॉम पेन्हला उतरली. सोयरीक करायची तर मुलीचं गाव नको बघायला? तिथे तिने सत्तरच्या दशकात शाळेत थाटलेला, आता म्युझियम झालेला तुरुंग पाहिला, भिंतीभर लावलेले मारलेल्या माणसांचे फोटो पाहिले. हादरली खरी, पण बाईंचा हेका जागचा हलला नाही.

आता ती मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात मुलीच्या आईसमोर, सोखासमोर बसली होती. निनाद आणि बोफा शेजारीच होते. चहाला तिने हात लावला नव्हता.

"आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो. अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बोफाचे मामा कुठे असतात?"

"आई, प्लीज! सांगितलं होतं ना तुला," निनाद म्हणाला.

"माझ्या भावाला त्या काळात सैनिकांनी घरातून नेलं," सोखा म्हणाली. "पुढचं माहीत नाही."

"मग म्युझियममध्ये शोधलं नाहीत? मी सगळ्या भिंतींचे फोटो काढलेत. बघा, सापडेल." सहलीचे फोटो दाखवावेत तसा मधुवंतीने मोबाइल पुढे सरकवला.

सोखाने न बघताच तो पालथा घातला.

"मी तिथे कधीच गेले नाही. फोटो दिसला तर तो मेला. नाही बघितला, तर कुठेतरी म्हातारा होत असेल. एवढंच उरलंय माझ्याकडे. तेही काढून घ्यायला आलात?"

मधुवंतीला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. पण माफी मागायला जीभ रेटेना.

"मग मामाच्या जागी कोण?"

"मी उभी राहीन."

"मुलीची आई? आमच्यात ती अक्षतांच्या वेळी समोरसुद्धा येत नाही!"

निनाद उठला. चला, पोरगा आपल्याबरोबर निघाला, असं वाटून मधुवंतीने पर्स उचलली. त्याने तिच्या हातात गाडीची चावी ठेवली.

"ड्राइव्ह सेफ, आई. मी इथेच थांबतोय," तो म्हणाला. "आणि लग्नाला तू येऊ नकोस."