आत्याचं दगडी गिऱ्हाईक

मी कंट्रोलर बोलतोय. टीव्हीवरचे खेळ ज्याच्या बटणांवर चालतात, तो. रिमोट नव्हे. रिमोट माझा चुलतभाऊ, पण तो कायम सोफ्याच्या फटीत पडलेला, त्याला घरातलं काही कळत नाही. मला कळतं. मला माणसं दोन्ही हातांनी धरतात ना. कोणाच्या तळव्याला घाम सुटतो, कोण नखं कुरतडतं, हरल्यावर कोण मला गादीवर आपटतं, सगळं मला ठाऊक. चौकशीची खोडच आहे म्हणा.

कारखान्यात एका बाईने माझ्या पोटात सहा स्क्रू पिळले, दुसरीने सगळी बटणं दाबून पाहिली आणि पास म्हणून खोक्यात घातलं. आयुष्यात दिलेली परीक्षा तेवढीच.

तिथून आलो एका मुलीकडे. तिचा आवडता खेळ म्हणजे एक भलंमोठं मोकळं जग. काय करायचं ते तिथे कोणी सांगत नाही. झाडं तोडा, खाणी खणा, घर बांधा, नाहीतर नुसतं पाण्याकाठी बसून राहा. पण सगळ्यात खोल खाणीत एक बॉस बसलेला असतो. दगडाचा, चार हातांचा, तिमजली घराएवढा. समोरची घंटा वाजवली की उठतो. मुलीने ती एकोणीस वेळा वाजवली आणि एकोणीस वेळा मेली. त्यातल्या अकरा वेळा मी गादीवर आपटलो गेलो. अकराव्या वेळी माझं उजवीकडचं बटण रुसलं. दाबलं की खालीच बसायचं. मग घरात नवा कंट्रोलर आला आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली. सोबतीला संपलेले सेल आणि एक किल्ली, जिचं कुलूप कुठलं ते कोणालाच आठवत नाही.

ही मुलगी नोकरीसाठी आपल्या आत्याकडे राहते. आत्या कपडे शिवते. शिवायची, म्हणायला हवं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून तिची मशीन, खिळ्याला टांगलेले ब्राऊन पेपरचे साचे, आणि समोर टीव्ही, काज करता करता बातम्या ऐकायला. तीस वर्षं असं चाललं. मग एक दिवस फळीवरचा कापडाचा तागा काढताना ती स्टुलावरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं काही वळेनात. अंगठा तर नुसता लाकूड.

व्यायाम शिकवायला एक ताई यायची. तिने रबरी चेंडू दिला, रोज शंभर वेळा दाबा म्हणाली.

"मी काय चेंडू खेळायच्या वयाची आहे?" आत्या म्हणाली, आणि ताईची पाठ वळताच तिने चेंडू ड्रॉवरमध्ये टाकला. तो नेमका माझ्या डोक्यावर पडला. अशी माझी आणि आत्याची ओळख.

त्याच संध्याकाळी ड्रॉवरच्या फटीतून मी ऐकलं. आत्या फोनवर आपल्या जुन्या शिष्येशी बोलत होती. "मशीन तूच ने. इथे पडून गंजण्यापेक्षा तुझ्या क्लासात चालेल. महिनाअखेरच्या रविवारी ये." आवाज अगदी हसरा. फोन ठेवल्यावर मात्र तिने मशीनवर झाकण घातलं आणि झाकणावरचा हात बराच वेळ उचलला नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, घड्याळं दुरुस्त करतात. त्यांनी मान वर केली आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी भाचीने मला बाहेर काढलं.

"आत्या, मला खेळात एक माणूस कमी पडतोय."

"काकांना घे."

"काका घड्याळावरून मान वर करतात का?"

"तेही खरंच."

काकांनी मला टेबलावर उताणं पाडलं आणि तेच सहा स्क्रू काढले. आतून बिस्किटाचा चुरा निघाला, एक लांब केस निघाला. "घड्याळातून एवढी घाण निघाली तर मी परत पाठवतो," काका म्हणाले. त्यांचं आठवड्याचं बोलणं त्या एका वाक्यात झालं. पण माझं बटण मोकळं झालं.

आत्याने मला मांडीवर ठेवलं. सगळं डाव्या हाताने. डाव्या अंगठ्याने माझी छोटी कांडी ढकलत चालायचं, थांबायचं, मग तोच हात पलीकडे नेऊन तर्जनीने मारायचं बटण दाबायचं. उजवा हात माझ्या खाली नुसता पाहुण्यासारखा बसलेला. पहिल्या दिवशी ती चार वेळा तळ्यात पडली. तिसऱ्या दिवशी तिने भाचीच्या घराच्या खिडक्या एका ओळीत आणल्या. "एवढी वर्षं अशा वाकड्या खिडक्यांत कशी राहिलीस गं?"

मग भाची तिला खाणीत घेऊन गेली.

"बॉस म्हणजे साहेबच ना?" आत्याने विचारलं. "मग मारतेस कशाला, राजीनामा दे."

भाचीने घंटा वाजवली. साहेब उठले. आठव्या सेकंदाला आत्या मेली.

"परत वाजव," आत्या म्हणाली.

परत मेली. परत वाजव. एकदाही तिने तलवार उचलली नाही.

"लढ तरी, आत्या."

"थांब गं. माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नसते."

तिने ब्राऊन पेपर मागवला. मरायचं, मला बाजूला ठेवायचं, डाव्या हाताने खडूने लिहायचं. वरचा उजवा हात, एक दोन. खालचा डावा हात, एक दोन तीन. उडी. उडीनंतर पाठ फिरवतो, चार अंक. वाकडंतिकडं अक्षर, पण माप चोख. त्या दिवसापासून बॉसचं नाव पडलं गिऱ्हाईक. "चल, गिऱ्हाईक वाट बघत असेल," असं म्हणत रोज संध्याकाळी ती मला हाक मारायची. मी मनात म्हणायचो, आलो आलो.

सातव्या मरणाला तिने पडद्यावर बोट ठेवलं. "त्याच्या पाठीवर ती रेघ कसली?"

"दगडावरची नक्षी असेल."

"नक्षी कसली, शिवण आहे ती. मानेपासून कमरेपर्यंत दोन तुकडे जोडलेत. कुठलीही गोष्ट उसवायची तर शिवणीवर उसवायची. तू समोरून छातीवर कात्री चालवतेस, ती कशी चालेल?"

भाचीने पडद्याजवळ जाऊन ती रेघ पाहिली. एकोणीस वेळा ती समोरूनच लढली होती. पाठीपर्यंत पोचायला वाटच नव्हती, खाली सगळा तापलेला लाव्हारस. पण या खेळात वाट नसली तर बांधता येते. पुढचे दहा दिवस दोघी लाकूड तोडत होत्या. गिऱ्हाइकाच्या मागे, त्याच्या मानेच्या उंचीवर, कड्याला धरून त्यांनी एक लांब सज्जा बांधला. लोखंड खणून चिलखतं केली, औषधाच्या बाटल्या भरल्या. काका मध्येच उठून सज्जा बघायचे आणि परत जायचे.

शुक्रवारी पहिली खरी लढाई झाली आणि माती झाली. अर्ध्या लढाईत भाची ओरडली, "औषध पी." आत्याकडे औषधच नव्हतं. आदल्या दिवशी तिने सगळ्या बाटल्या घरच्या पेटीत रंगाप्रमाणे लावून ठेवल्या होत्या, तांबड्या तांबड्यांत, निळ्या निळ्यांत.

"पसारा दिसत होता," ती म्हणाली.

"अगं, पण लढाई आहे."

"लढाई असली म्हणून काय झालं?"

हसता हसता भाची थांबली. "आत्या, आता उद्याचाच दिवस. परवा मशीन जायची." आत्याने माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि विषय बदलला.

शनिवारी दुपारी घंटा वाजली. काकांनी भिंग काढून ठेवलं होतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मापाप्रमाणे सगळं चाललं. भाची समोरून त्याला खेळवत होती, आत्या सज्ज्यावरून शिवणीवर घाव घालत होती. चालायचं, थांबायचं, हात पलीकडे, एक घाव, परत. मग गिऱ्हाइकाने मापात नसलेली एक जास्तीची उडी मारली. भाची खाली चिरडली गेली आणि सज्जा हलायला लागला.

हलत्या सज्ज्यावर तोल सावरायला डावा अंगठा सारखा कांडीवर हवा. काढला की खाली रसात.

"मी मेले, आत्या. आता तूच."

"अगं, मला दोन हात कुठे आहेत?"

"आहेत की," काका म्हणाले.

डावा हात कांडीवर आवळला. आणि माझ्या खाली पाहुण्यासारखा बसलेला उजवा हात हलला. अंगठा हळूहळू वर आला, बटणावर टेकला. पहिल्यांदा नुसता घसरला. दुसऱ्यांदा दाबला गेला, आणि तिच्या तोंडून कळवळल्याचा आवाज निघाला. कांडी सुटली नाही. मीही ठरवलं, आज माझं बटण अडकायचं नाही. तिसरा. चौथा. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली, आत्या मोठ्याने अंक मोजत होती आणि दर अंकाला अंगठा खाली जात होता.

"त्याचा जीव किती राहिलाय?" काकांनी विचारलं.

"नखाएवढा," भाची म्हणाली.

शिवण उसवली. मानेपासून कमरेपर्यंत गिऱ्हाईक दुभंगलं आणि धूळ होऊन रसात पडलं.  आत्या पडद्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती. बटण दाबायची गरज केव्हाच संपली होती, तरी ती दाबत होती, सोडत होती, दाबत होती.

रविवारी शिष्या टेम्पो घेऊन आली. दारातच थांबली. मशीनचं झाकण खाली ठेवलेलं, आत्या बसलेली. सुईत दोरा ओवायला तिला सहा प्रयत्न लागले होते, मी मोजले. शिवत होती एक छोटी पिशवी, जाड सुती कापडाची. शिष्या वाकून बघत राहिली.

"बाई, टीप वाकडी आलीये."

"आलीये खरी," आत्या म्हणाली. "उसवून पुन्हा घालीन. आता रोज घालीन."

शिष्येने बाहेर जाऊन टेम्पो परत पाठवला. मग आत येऊन बाईंच्या शेजारी बसली आणि पिशवीचा पट्टा बेतायला घेतला.

ती पिशवी माझी. आता मी ड्रॉवरमध्ये नसतो, मशीनच्या कोपऱ्यावर त्या पिशवीत असतो. सकाळी आत्या शिवते, मी ऐकतो. संध्याकाळी आम्ही खेळतो. बर्फाच्या डोंगरावर दुसरं गिऱ्हाईक सापडलंय, पंख असलेलं, आणि ब्राऊन पेपर भिंतीवर लागलाय. रबरी चेंडू अजून ड्रॉवरमध्येच आहे. त्याची मला दया येते, पण जागा एकाचीच.

तुमच्याही ड्रॉवरमध्ये माझा एखादा भाऊबंद बटण अडकून पडला असेल. टाकून देऊ नका. सहा स्क्रू काढा, चुरा झटका, आणि घरात ज्याचा हात नुसता बसून आहे त्याच्या हातात द्या.

आणि हो, माझ्या पिशवीची ती पहिली टीप आत्याने अजून उसवलेली नाही. रोज म्हणते, उद्या उसवीन. मी आत अंग चोरून बसतो, तिच्या लक्षात येऊ नये म्हणून.