दारावरची अमानत

कोर्टाच्या दारात हिरामणची पेटी होती. सागवानी, लोखंडी पट्ट्यांची, भिंतीला खिळलेली. बत्तीस सालच्या त्या दिवसांत जिल्ह्यात पिस्तुलाचं लायसन असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. पण जी होती ती नेमकी कोर्टात भांडणारी. एकदा दोघा शहाण्यांनी व्हरांड्यातच एकमेकांवर पिस्तुलं रोखली, तेव्हा जज्जसाहेबांनी हुकूम काढला, की हत्यार घेऊन कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मालकानं स्वतःच्या हातानं काडतुसं काढायची, ती वेगळ्या डब्यात, पिस्तूल पेटीत, आणि मालकाच्या हाती नंबरचा पितळी बिल्ला. जाताना बिल्ला द्या, हत्यार घ्या. आत न्याय मिळेल की नाही याची खात्री ब्रह्मदेवालाही देता आली नसती, पण दारात ठेवलेलं हत्यार मात्र जसंच्या तसं परत मिळे.

हिरामण जातीचा कोळी. डोलकाठी पडून गुडघा कामातून गेला, होडी सुटली, आणि बेलिफाच्या ओळखीनं ही पट्टेवाल्याची नोकरी लागली. पेटीची चावी तो करगोट्याला बांधून ठेवी. माणूस नाकासमोर चालणारा, नियम म्हणजे नियम. पण त्या नियमानंच त्याला एकदा चटका दिला होता. दोन वर्षांमागं एक खोत दावा हरून बाहेर आला, बिल्ला दिला, पिस्तूल नि काडतुसं घेतली, "बरं आहे" म्हणाला आणि कोर्टामागच्या सुरूच्या बनात जाऊन स्वतःच्या कानशिलात गोळी घालून मोकळा झाला. "तू नियमानं वागलास, तुझी काही चूक नाही," असं साहेब म्हणाले, शिरस्तेदार म्हणाले, अख्खा गाव म्हणाला. हिरामणच्या मनातून एकच गोष्ट जाईना. आपण बिल्ल्याचा नंबर बघितला, माणसाच्या तोंडाकडं बघितलंच नाही.

तेव्हापासून तो तोंडं बघू लागला.

करमअलीशेटांचं तोंड तर आठ दिवस तो रोज बघत होता. शेट चौलचे, नारळ-सुपारीचे व्यापारी, साठीला टेकलेले. वर्षापूर्वी रेवदंड्याच्या खाडीत त्यांच्या मचव्यावर दरोडा पडला आणि त्यात त्यांचा एकुलता एक मुलगा सिराजुद्दीन मारला गेला. तिघे पकडले गेले. शेट त्या दिवशी मचव्यावरच होते. त्यांनी तिघांनाही ओळखलं आणि साक्षीला उभे राहिले. मग धमक्या सुरू झाल्या, म्हणून सरकारनं त्यांना सहाबारी पिस्तुलाचं लायसन दिलं होतं. रोज सकाळी बैलांच्या दमणीतून मुलीबरोबर यायचे. मुनिरा चिंचेखाली दमणीत बसून राही. शेट काडतुसं काढत, पिस्तुलाचं तोंड भिंतीकडं करून हिरामणच्या हाती देत आणि म्हणत, "हिरामण, ही माझी अमानत." पिस्तूल देतानाही माणूस अदबीनं देई. हिरामणला त्या म्हाताऱ्याची माया लागली होती.

शिमग्याच्या आधी चार दिवस निकाल लागला. दुपारचे तीन वाजले असतील. आतून गलका ऐकू आला आणि ते तिघे हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत बाहेर पडले. पुरावा पुरा पडला नाही म्हणून सुटले होते. बापाच्या डोळ्यांपुढं पोर मेलं, त्याहून मोठा पुरावा कुठून आणायचा असतो ते कायद्यालाच ठाऊक.

बऱ्याच वेळानं शेट आले. चेहऱ्यावर राग नाही, पाणी नाही, काहीच नाही. हिरामणला खोत आठवला. खोताचं तोंडही असंच असलं पाहिजे.

शेटांनी बिल्ला पुढं केला. मग हिरामणचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "हिरामण, आठ दिवस तुला तरास दिला. कहासुना माफ कर."

हे शब्द त्यानं जन्मात एकदाच ऐकले होते. लहानपणी शेजारचा मुसलमान तांडेल मरणाला टेकला, तेव्हा त्यानं हिरामणच्या बापाला खाटेजवळ बोलावून हेच म्हटलं होतं, आणि दिवेलागणीच्या आत तो गेला होता. जाणारा माणूसच असं बोलतो, हे हिरामणच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिरामणनं कमरेवर हात नेला, चावी चाचपली आणि हात तसाच मागं घेतला.

"शेट, चावी गावत न्हाय," तो म्हणाला. "दुपारपासून हुडकतोय. कुठं पडली देव जाणे. उद्या या, उद्या देतो."

जन्मात खोटं न बोललेला माणूस. शेट त्याच्याकडं बघत राहिले. एकदा त्यांनी फाटकाकडं पाहिलं, जिथून ते तिघे गेले होते. हिरामणनंही पाहिलं. त्यांची भीती त्याच्याही मनात आली, नाही असं नाही. पण नुकता फासातून मान काढलेला माणूस लगेच पुन्हा मान कशाला घालील? आता या म्हाताऱ्याला भय आहे ते त्याच्या स्वतःच्याच हाताचं. एक रात्र गेली की मन थाऱ्यावर येईल.

"साहेबांस सांगितलंस?" शेटांनी हळूच विचारलं.

"न्हाय अजून."

"मग नको सांगूस," शेट म्हणाले आणि बिल्ला खिशात टाकून दमणीकडं गेले.

दोन वर्षांत पहिल्यांदा हिरामण त्या संध्याकाळी पोटभर जेवला. बायकोला, भागुबाईला म्हणाला, "आज एक मानूस वाचवला."

सकाळी बेलिफानं बातमी आणली. चौलच्या अलीकडं, वाड्यांमधल्या अरुंद वाटेत, तिन्हीसांजेला त्या तिघांनी दमणी अडवली. गाडीवान पळाला. मुलीला ढकलून दिलं आणि शेटांना कोयत्यानं तोडलं. वर्षभर तुरुंगात सडवल्याचा वचपा काढला, दुसरं काय!

चौथ्या दिवशी मुनिरा आली. लायसनवाला गेला, आता पिस्तूल सरकारजमा व्हायचं होतं. सही करून ते पेटीतून काढायला फौजदारानं तिला पाठवलं होतं. फौजदाराचा शिपाई फाटकाशी थांबला. तिच्या कपाळावर जखम होती. तिनं बिल्ला ठेवला.

हिरामणनं करगोट्याची चावी सोडली. कुलूप उघडलं.

"मिळाली चावी?" मुनिरा म्हणाली. "बरं झालं. बाबांस तीच काळजी. मी म्हटलं, साहेबांस सांगून कुलूप तोडून घ्या, असे रिकाम्या हातानं नका येऊ. तर म्हणाले, गरीब माणूस आहे, चावी हरवली कळलं तर नोकरी जाईल त्याची. एका रातीचा सवाल आहे. हजला निघालेल्यानं कुणाच्या पोटावर पाय देऊ नये."

"हजला?"

"पुढच्या जुम्म्याला मुंबईहून आगबोट होती ना. निकाल काय लागेल तो लागो, मी जाणार, सिराजच्या नावानं दुवा मागणार, म्हणत होते. हजला जाणारा माणूस सगळ्यांची माफी मागून निघतो. आठवडाभर गावात तेच चाललेलं. न्हाव्याची मागितली, टपालवाल्याची मागितली. तुझी मागायची राहिली होती, ती त्या दिवशी मागितली."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्याला त्या उंबऱ्यावर कळलं. पोटातलं पोटात ठेवणं त्याला जमलं नाही.

"मुनिराबाय, चावी हरवली नव्हती," तो म्हणाला. "माझ्या कंबरेलाच व्हती. मला वाटलं, शेट जीव देतील. म्हणून मी दिलं न्हाय. मीच मारलं त्यांना."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तोंडावर पदर घेतला. ती ओरडेल, शिव्या देईल, फाटकातल्या शिपायाला हाक मारील, याची हिरामण वाट बघत राहिला. तसं झालं असतं तर बरं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

तिनं पदर काढला, कागदावर सही केली आणि पिस्तूल उचललं.

"दादा, हे कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली. "नोकरी जाईल तुझी. ती जाऊ नये म्हणूनच बाबा तसे निघाले."

ती गेली. हिरामणची नोकरी राहिली. पुढं अकरा वर्षं तो त्याच दारात बसला.