टाकीच्या सावलीतली बैठक

माझ्या लग्नाची बैठक एका लोखंडी टाकीच्या सावलीत बसली, आणि त्या वेळी ती टाकी माझ्या डाव्या पायावर लटकत होती. हसू नका. पाय अजून जागेवर हाय, चालताना जरा वाकडा पडतो एवढंच.

राज्य निजामाचं होतं आणि तिकडं कुठंतरी दूर लढाई पेटलेली होती. चुडावा ठेसनाच्या अलीकडं, रुळाशेजारी, इंजनांना पाणी पाजायला विटांच्या खांबांवर टाकी बसवायची होती. टाकी एवढी थोरली की आत दोन बैलजोड्या बांधाव्या आणि वर वैरणीला जागा उरावी. ती उचलायला कंत्राटदारानं वाफेची यारी आणली होती. यारी म्हणजे उंटच समजा. मान लांब, मानेवरून दोर, दोराला आकडा, आणि पोटात उकळतं पाणी. त्या उंटाच्या पाठीवर मी, चंद्रभान.

माझा सख्खा मामा भुजंग खाली इशारेवाला होता. वर बसलेल्याला ओझ्याखालचं सगळं दिसत न्हाई, म्हणून खालून एकानंच हात दाखवायचा आणि वरच्यानं त्याच हाताचं ऐकायचं. बोट वर केलं की उचल, तळवा खाली केला की सोड, मूठ वळली की थांब. मामा म्हणायचा, "चंद्र्या, साहेब वरडू दे, न्हाईतर तुझा बाप वरडू दे. माझ्या हाताबिगर ओझं हलवायचं न्हाई."

त्या दुपारी टाकी दोन पुरुष उंच गेली आणि मामानं मूठ वळली. गाडीवाटेनं एक छपराची बैलगाडी थेट आमच्याकडं येत होती. मी पायानं ब्रेक दाबला आणि दातेरी चाकात लोखंडी खुंटी टाकली. खुंटी दातात बसली की ओझं तिच्यावर राहतं, माणसाला पाय काढता येतो. पण खुंटी बसायच्या ऐवजी खाडकन चाकाचे दातच तुटले. लढाईपायी नवे भाग येत नव्हते, जुन्या झिजलेल्या चाकावर काम रेटणं चाललं होतं. आता टाकी अन् जमीन यांच्यामधी माझा एकटा पाय उरला.

आता गाडीतून कोण उतरलं ते बघा. माझा बाप सटवाजी, आणि त्याच्यासंगं माणिकराव, ज्यांच्या पोरीचं मला सांगून आलं होतं. मागून त्यांची भावकी. मंडळी नातलगांकडं निघाली होती. बाप म्हणाला, वाटंतच हाय तर पोरगा बघून जावा. बायका पोरीला घेऊन गाडीच्या छपराखाली थांबल्या. पुरुषांनी सावली धुंडली. झाड एक न्हाई. सूर्य ऐन माथ्यावर, आणि सावली तेवढी टाकीच्या बरोब्बर पोटाखाली. माणिकरावांनी तिथं सतरंजी अंथरली आणि मधोमध तबकात सुपारी ठेवली.

आमच्याकडची रीत तुमाला ठाऊक असंल. सुपारी मांडली की बैठक बसली. ती फुटायच्या आधी जो उठला, त्यानं सोयरीक मोडली.

मामा हात पसरून धावला. पण तो पडला नवरदेवाचा मामा! बापानं त्याला धरून खाली बसवला आणि हातात विडा कोंबला. मामा म्हणाला, "पाहुणे, वर ओझं हाय. जरा तिकडं सरका."

माणिकराव तांबडेलाल झाले. "बसल्या पाहुण्याला उठवायलाय का? पोरगी पसंत नसंल तर सरळ सांगा की!"

बाप मामाच्या कानात फुसफुसला, "मेव्हण्या, गप बस. सोयरीक मोडली तर तुझ्या बहिणीला तूच तोंड दाखव."

मामा बसला. खुंटीचं त्याला ठाऊक नव्हतं. खालचं सगळं बोलणं मला मागून कळलं. वरून मला दिसली ती फक्त मामाची पाठ. ज्याच्या हाताबिगर मी हलायचं न्हाई तो माणूस माझ्याच ओझ्याखाली विडा चघळत होता.

मी हाका मारल्या. वाफेच्या फुसफुसाटात त्या मलाच ऐकू येईनात. गवंडी, कोळसा टाकणारा, सगळे भाकरीला विहिरीवर गेलेले. मग मी शिटी ओढली, यारीला होती तेवढी सगळी. खाली माणिकरावांचा चेहरा फुलला. "जावयानं मान दिला!" बापानं मिशीला पीळ भरला.

आता कायदा मोडल्याबिगर इलाज नव्हता. इशाऱ्याशिवाय मी यारीची मान हळूच डावीकडं वळवली. झटका दिला असता तर टाकीनं झोका घेतला असता आणि पाय सुटला असता. टाकी सरकली. सावली सरकली. आणि सावलीमागं, देवाशप्पथ, सगळी बैठक सरकली! उठला कुणीच न्हाई. बसल्या बसल्या, बुडावर, सतरंजी ओढत, तबक सांभाळत. उजवीकडं वळवली तर उजवीकडं आले. रुळापासून बाभळीच्या काट्यांच्या कुंपणापर्यंत मी त्यांना फिरवून आणलं, आणि त्या सगळ्या वाटंनं त्यांचं भांडण चालूच.

भांडण होतं घोड्याचं. बाप म्हणायचा, "वरात घोड्यावरूनच निघंल." माणिकराव म्हणायचे, "आमच्या गावात घोड्यावर फक्त सारा वसुलणारे मालीपाटील बसतेत. बैल देतो, लय शिंगाळा बैल हाय."

पाठीमागं बॉयलर भाजत होता. डोळ्यात घाम उतरला तो पुसायला मी वाकू शकत नव्हतो. पायाला आधी मुंग्या आल्या, मग कळ आली, आणि मग काहीच येईना. त्याची भीती सगळ्यात मोठी. पाय दाबतोय का नुसता ठेवलाय, हेच कळेना. टाकी बोटभर खाली आली. मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला.

तेवढ्यात गाडीतून पोरगी उतरली. बायना. हातात पाण्याचा तांब्या, म्हणजे कुणी अडवणार न्हाई. ती सतरंजीकडं चालली. आता हीसुद्धा खाली! वाटंत कामाचा हातोडा पडला होता. तांब्या ठेवून तिनं तो उचलला, बैठकीत शिरली, आणि तबकातल्या सुपारीवर एकच घाव घातला. सुपारीचा भुगा, तबकाचा द्रोण.

"फुटली," ती म्हणाली. "उठा आता. पळा!"

नवरीनं स्वतः सुपारी फोडलेली कुणी ऐकली नव्हती. तिला रागं भरायलाच सगळे ताडकन उठले आणि ती गाडीकडं पळाली तसे तिच्यामागं धावले. सतरंजी मोकळी झाली. तरी मी पाय सैल केला न्हाई. मामानं वळून वर बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि त्याच्या तोंडातला विडा गळून पडला. जागा रिकामी हाय का ते त्यानं चारी बाजूंनी पाहिलं. मगच तळवा खाली केला.

टाकी सतरंजीवर बसली.

ब्रेकवरून माझा पाय मामानं दोन्ही हातांनी उचलून काढला. खाली माणिकराव पोरीवर वरडत होते, "अगं, तुला काय घाई सुटली होती?"

"आबा, बघायला आलेल्या पोरीकडं कोणताबी पोरगा चोरून तर बघतो. ह्यो एकदाबी न्हाई. ह्यो निस्ता टाकीकडं बघायलाय अन् थरथरायलाय. मग टाकीचंच काहीतरी बिघडलं असंल ना?"

सुपारी फुटली, सोयरीक झाली; घोड्याचं मात्र तसंच लोंबकळत राहिलं. लग्नाच्या दिवशी बाप म्हणाला, "घोडा न्हाई, बैल न्हाई. यारीच्या आकड्यालाच बांधून न्या त्याला." मामानं मूठ वळली. "आकड्याला माणूस लटकवायचा न्हाई. नवरदेव असला तरी."

म्हणून मी मांडवात पायी गेलो. डावा पाय ओढत, मुंडावळ्या सावरत. तिच्या गावच्या बायका म्हणायल्या होत्या, "बायनेला लंगडा नवरा मिळाला गं बाई."